मंगल कार्यालयाच्या पार्किंगला किती दिवे लागतात?

तुळशीचं लग्न लागलं की मंगल कार्यालयांच्या तारखा सुरू होतात आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात आवारातल्या दिव्यांची आठवण येते. तोवर पावसाळ्यात बरेच फ्लड (फ्लडलाइट) गेलेले असतात. मग जास्त वॉटचे चार नवे फ्लड आणायचे, इमारतीच्या कपाळावर ठोकायचे आणि तोंडं पार्किंगकडे करायची. पुढच्या पावसाळ्यात तेही जातात. खरं तर दिवा हा या कामातला शेवटचा निर्णय आहे. जमिनीवर किती उजेड हवा, खांब कुठे, माती कशी, केबल, अर्थिंग, व्होल्टेज हे कागदावर आलं की दिवा निवडायला दहा मिनिटं पुरतात.

उदाहरण मंगल कार्यालयाचं घेतलंय, पण डाळमिल, गोदाम, हॉटेल किंवा दवाखान्याच्या आवारालाही हीच रीत चालते. पेट्रोल पंपाला चालत नाही. तिथे पेसोचे (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) नियम लागतात आणि मान्यतेची फिटिंगच लागते. जिनिंगच्या आवारात उडती रुई तापलेल्या दिव्यावर बसून पेटू शकते, म्हणून तिथे हॅलोजन अजिबात नको.

समजा पार्किंग ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आहे, म्हणजे २,४०० चौरस मीटर. गाडी लावायला, पडलेली चावी सापडायला, गाडीमागे आलेलं लेकरू चालकाला दिसायला सरासरी १५ लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १५ लुमेन (उजेडाचं माप), पुरतात. १५ गुणिले २,४०० म्हणजे ३६,००० लुमेन जमिनीवर पोचायला हवेत. दिव्यातून निघालेल्या उजेडातला साधारण निम्माच कामाच्या जागेवर पडतो, बाकीचा कुंपणाबाहेर जातो. काचेवर बसणारी धूळ आणि एलईडीचं वय धरून त्यातले आणखी तीस टक्के सोडून द्या. म्हणून ३६,००० ला आधी ०.५ नं आणि मग ०.७ नं भागा. उत्तर येतं सुमारे १,०३,००० लुमेन. चांगला दिवा वॉटमागे १२० लुमेन देतो, म्हणजे एकूण ८६० वॉटच्या आसपास. एवढंच. दोन्ही लांब बाजूंना ८ मीटर उंचीचे चार-चार खांब आणि प्रत्येकावर १२० वॉटचा एक दिवा, म्हणजे ९६० वॉटमध्ये काम भागतं. पहिला खांब कोपऱ्यापासून साडेसात मीटरवर आणि पुढचे दर १५ मीटरवर.

इमारतीवरून मारलेले फ्लड याच वॉटमध्ये हे काम करू शकत नाहीत, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. दहा मीटरवर जेवढा, त्याच्या सोळावा भाग चाळीस मीटरवर. म्हणून भिंतीजवळ लख्ख आणि टोकाला अंधार. लांब पोचावं म्हणून फ्लड वर उचलला की तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. खांबाच्या उंचीच्या अडीचपटीपेक्षा लांब उजेड फेकायचा हट्ट धरू नका. ८ मीटरचा खांब २० मीटरपर्यंत, म्हणजे आपल्या ४० मीटर रुंदीच्या बरोबर मध्यापर्यंत नेतो. त्यासाठी एका बाजूला उजेड ढकलणारी असिमेट्रिक लेन्स मागा, साधा चौकोनी फ्लड नको.

कार्यालय महामार्गाला लागून असेल तर हे आणखी गंभीर आहे. मराठवाड्यातला राष्ट्रीय महामार्ग ५२ असो की ३६१, ऊस कारखान्याच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर जातात, आणि अनेकांना मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. तुमच्या फ्लडनं चालकाचे डोळे दिपले तर पुढचे काही सेकंद त्याला ती ट्रॉली दिसत नाही. दिवे लावल्यावर रस्त्याच्या कडेला जाऊन गाडीत बसल्याएवढ्या उंचीवर, म्हणजे सव्वा मीटरवर डोळे आणून बघा. एलईडीचे ठिपके थेट दिसत असतील तर कोन चुकलाय, त्याच रात्री खाली करा.

आता माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. उथळ पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो आणि दोन-तीन वर्षांत खांब कलतो. ८ मीटरच्या खांबाला किमान दीड मीटर खोल जा आणि मुरूम लागेपर्यंत थांबू नका. मुरूम फार खोल असेल तर तळाशी १५० मि.मी. मुरमाचा थर कुटून घ्या. ६००×६००×१,५०० मि.मी.चा पाया म्हणजे अर्ध्या घनमीटरला थोडं जास्त काँक्रीट. एम-२० ला (काँक्रीटचा दर्जा) एका पायाला साडेचार पोती सिमेंट धरा. चार जे-बोल्ट लोखंडी टेंपलेटमध्ये आवळूनच काँक्रीट ओता. नुसत्या अंदाजानं रोवलेले बोल्ट बेसप्लेटच्या भोकांत बसत नाहीत. मग गवंडी ते घण मारून वाकवतो आणि खांबाची ताकद तिथेच जाते. केबलसाठी ५० मि.मी.चे दोन पाइप आधीच काँक्रीटमध्ये सोडा. पायाचं डोकं जमिनीपेक्षा १५० मि.मी. वर ठेवून चारी बाजूंना उतार द्या, पाणी बुडाशी साचलं की खांब तिथूनच गंजतो.

खांबावर फ्लेक्स बांधू देऊ नका. बांधकामाच्या संहितेत छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ९३ किलोचा दाब येतो. चार बाय सहा फुटांचा फ्लेक्स म्हणजे सव्वादोन चौरस मीटर, म्हणजे दोनशे किलोंची आडवी ओढ, आणि तीही उंचावर. वळवाच्या वादळात खांब पडतात त्यात अशा फ्लेक्सचा मोठा हात असतो.

केबल आर्मर्डच (लोखंडी कवचाची) घ्या, ११०० व्होल्टची, चार कोअर. घूस बिनआर्मरची केबल कुरतडते. चर ७५० मि.मी. खोल, खाली-वर वाळू, त्यावर विटा, गाड्या जातात तिथे पाइपातून. प्रत्येक खांबाच्या बुडाशी मीटरभर केबल गुंडाळी करून सोडा, नाहीतर भेगा रुंदावतात तेव्हा माती केबल ओढते आणि ती ग्लँडमधून (केबल आत घेऊन घट्ट धरणारं तोंड) सुटते. जमिनीत जोड अजिबात नको. टेप गुंडाळून पुरलेला जोड पहिल्या पावसात नाही, दुसऱ्या-तिसऱ्या पावसात जातो, आणि तोवर तो कुठे पुरलाय हे कुणालाच आठवत नसतं. केबल खांबाच्या खणात आत आणायची, टर्मिनलवर जोडायची आणि तिथूनच पुढच्या खांबाला न्यायची. खणाचं झाकण जमिनीपासून किमान ६०० मि.मी. वर, आणि तोंड नैऋत्येकडे नको, पाऊस तिकडूनच येतो.

दिव्यांचा भार हलका आहे. तिन्ही फेजवर आळीपाळीनं वाटला (पहिला, चौथा, सातवा आर, दुसरा, पाचवा, आठवा वाय, तिसरा, सहावा बी) की एक फेज गेली तरी आवार काळोखात जात नाही. व्होल्टेज पडतं ते डेकोरेशनमुळे. मंडपवाला शेवटच्या खांबाचं झाकण उघडून तिथूनच वायर घेतो. हिशेब बघा: २०० मीटर लांब, २.५ चौ. मि.मी. तांब्याच्या केबलचा जाण्या-येण्याचा रोध सुमारे २.९६ ओम. दोन किलोवॉटचा भार म्हणजे पावणेनऊ अँपिअर, म्हणजे तिथे २६ व्होल्ट पडले. फीडरच्या टोकाला आधीच १९० मिळत असतील तर शेवटच्या दिव्याला १६४ उरतात. म्हणून डेकोरेशनसाठी आवारात दोन ठिकाणी वेगळे, झाकणाचे सॉकेट बॉक्स द्या, त्यांची केबल वेगळी आणि वर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (अर्थला गळणारा करंट दिसताच वीज तोडणारा स्विच). ओल्या लॉनवर उघड्या वायरीजवळ लेकरं पळत असतात. या आरसीसीबीवर पैसे वाचवू नका.

दिव्यांच्या सर्किटलाही आरसीसीबी हवी, पण आवारातले सगळे दिवे एकीवर टाकू नका. दिव्यातला प्रत्येक ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग) थोडा करंट अर्थला सोडतो आणि ३० ची आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकते. पावसात ती सारखी पडायला लागली की कुणीतरी ती थेट करून टाकतो, आणि मग ती असून नसल्यासारखी. एकीवर दहाच्या आत दिवे ठेवा.

ड्रायव्हर जळण्याचं सगळ्यात मोठं कारण तुटलेला न्यूट्रल. न्यूट्रल सुटला की कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेनं चढतं आणि त्या फेजवरचे सगळे दिवे मिनिटभरात जातात. न्यूट्रलमध्ये फ्यूज घालू नका, त्याची जाडी फेजएवढीच ठेवा, त्याचा बोल्ट दर सहा महिन्यांनी आवळा. पॅनलमध्ये २७० व्होल्टच्या वर काँटॅक्टर पाडणारा, म्हणजे वीज तोडणारा रिले बसवा आणि ४४० व्होल्ट काही तास सहन करणारा ड्रायव्हर मागा. त्याआधी मल्टिमीटरनं संध्याकाळी सातला, रात्री अकराला आणि पहाटे चारला व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. शेतीपंपांची रात्रपाळी असेल तो आठवडा आणि नसेल तो आठवडा, दोन्हींचं मोजा. आकडे वेगळे येतात.

वीज कडाडण्याचा मोसम आपल्याकडे मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात. दिव्यात १० किलोव्होल्टचं सर्ज (व्होल्टेजचा क्षणिक झटका) संरक्षण आणि पॅनलमध्ये टाइप-२ एसपीडी (सर्ज अर्थकडे वळवणारं उपकरण), दोन्ही लागतात. एसपीडीच्या वायरी दोन्ही बाजूंच्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. लांब वेटोळं करून जोडलेली एसपीडी असूनही दिवे जळतात, कारण सर्जच्या वेळी त्या वायरीवरच शेकडो व्होल्ट पडतात. आणि अर्थिंग वाईट असेल तर एसपीडीला सर्ज ढकलायला जागाच नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात रोध छान कमी येतो आणि एप्रिलमध्ये माती पाइपापासून सुटली की तोच कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून अर्थचं मोजमाप एप्रिल-मेमध्येच करा, खड्ड्यात पाणी टाकायला नळी ठेवा आणि सगळे खांब ८ नंबरच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेनं एकमेकांना जोडा.

आयपी-६५ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) लिहिलेल्या दिव्यातही पाणी जातं, ते असं. संध्याकाळी दिवा तापलेला असतो आणि वळवाची पहिली सर येते. बॉडी एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी जिथे फट मिळेल तिथून ओढून घेते. ती फट बहुतेक वेळा ग्लँडची असते, कारण ग्लँड जाड केबलचा आणि वायर बारीक. वायरीच्या मापाचा ग्लँड, आयपी-६६ ची बॉडी, हवा सोडणारा ब्रीदर, आणि दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ म्हणजे थेंब तिथूनच गळतो.

आता दिवा निवडा. ड्रायव्हर वेगळा असलेलाच घ्या. डीओबी नावानं मिळणाऱ्या स्वस्त फ्लडमध्ये वेगळा ड्रायव्हर नसतो, वीज थेट चिपच्या पाटीवर जाते, सर्ज आला की पाटीच जाते. तो लुकलुकतोही, लग्नाच्या व्हिडिओत पट्टे येतात. दुकानात मोबाइलचा कॅमेरा जवळ धरून बघा. क्लँप मीटर लावा: १०० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण ०.४५ अँपिअर घेतो. ०.२ दाखवला तर तो १०० वॉटचा नाही. पार्किंगला ४,००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा), लॉन आणि जेवणाच्या जागेला ३,००० किंवा त्याहून पिवळा. पावसाळ्यात पांढऱ्या-निळ्या उजेडावर पंखाचे किडे जास्त येतात. जेवणाच्या टेबलांवर दिवा न टांगता बाजूनं लांबून उजेड टाका, किडे दिव्याजवळ राहतात आणि पानात पडत नाहीत.

टायमर घड्याळाचा नको. छत्रपती संभाजीनगरला जूनअखेरीस सूर्य सातनंतर दहा-एक मिनिटांनी मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आधीच. अक्षांश-रेखांश घालायचा ॲस्ट्रो टायमर हे स्वतः सांभाळतो. संभाजीनगरला १९.८८ आणि ७५.३४, लातूरला १८.४० आणि ७६.५६, नांदेडला १९.१५ आणि ७७.३२. रात्री अकरानंतर खांब सोडून बाकीचं बंद. फाटक, स्वच्छतागृह आणि तिथवरची वाट इन्व्हर्टरवर.

काम झाल्यावर रात्री लक्समीटर घेऊन दर पाच मीटरवर जमिनीवर मोजा. सरासरी १५ आली आणि कुठेही ४ च्या खाली गेलं नाही तर बिल द्या. खांबांवर रंगानं नंबर टाका, कोणता खांब कोणत्या फेजवर आहे त्याचा कागद पॅनलच्या दाराला आतून चिकटवा आणि त्याच कंपनीचे दोन ड्रायव्हर जास्तीचे घेऊन पॅनलच्या खोलीत ठेवा. काचा वर्षातून दोनदा पुसा: खंडेनवमीला हत्यारं पुसाल तेव्हा एकदा, होळीनंतर एकदा.