फणसाच्या लाकडाचं बुटीक, चिपळूणच्या बाजारात

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं. ओसरल्यावर दुकान उघडलं, तर प्लायचे पदर सुटलेले, सनमायका वर आलेला, आणि पार्टिकल बोर्डचं टेबल हाताने कुस्करता येत होतं. सासूबाईंचं फणसाचं जुनं कपाट मात्र धुऊन सावलीत वाळवलं, फुगलेलं दार थोडं रंधून घेतलं आणि झालं. पुन्हा दुकान थाटायचं ठरवलं तेव्हा दोनच अटी घातल्या: लाकूड भरीव हवं आणि भिंतीला ठोकलेलं काही नको.

मिस्त्री म्हणाले, "ताई, सागवान घ्या, नाव निघेल." सागाचा भाव ऐकूनच मी गप्प झाले. आंबा स्वस्त, पण त्याला कीड लागून पीठ पडतं. फणस दोहोंच्या मधला, शिवाय त्याचा पिवळा रंग दिवसागणिक तांबूस होत जातो. मिलमधून आलेल्या फळ्या, मधे पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवल्या. मिस्त्रींना घाई होती, मला नव्हती. ओल्या लाकडाचं कपाट वाळता वाळता वाकतं, हे घरच्या दारांवरून माहीत होतंच.

खरी गंमत पुढे. एका कोऱ्या फळीवर पांढऱ्या मलमलचा ओला तुकडा रात्रभर ठेवून पाहिला. सकाळी तो हळद लागल्यासारखा पिवळा! फणसाच्या गाभ्यात रंग असतो, त्याने पूर्वी कापड रंगवत. कोकणातल्या पावसाळी हवेत अशा फळीवर पांढरी साडी कोण ठेवणार? म्हणून कप्प्यांना आतून मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारलं, बाहेरून नुसतं जवसाचं तेल. ते तेल पुसलेल्या चिंध्यांचे बोळे एकत्र ढीग करून ठेवू नका बरं, आपोआप पेट घेतात. आम्ही पाण्यात भिजवून मग फेकले.

उजेडाचं म्हणाल, तर पिवळ्या लाकडावर पिवळे दिवे लावले की दुकान उबदार दिसतं, आणि निळी साडी हिरवट. गिऱ्हाईक घरी जाऊन रंग बदलला म्हणणार. तेव्हा भिंती चुन्याच्या पांढऱ्या ठेवल्या, वर ३००० केल्विनचे दिवे घेतले आणि आरशापाशी ४०००चा (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी पिवळा), सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा. आता रंग नीट कळतो.

मांडण्या सुट्या आहेत, स्क्रू पितळी, पूर आला तर त्यांचे कप्पे उचलून पोटमाळ्यावर नेता येतात. फक्त काउंटर चार माणसांशिवाय हलत नाही, म्हणून पावसाळ्यात त्याच्या खालच्या कप्प्यात कापड ठेवायचं नाही, असा नियम केलाय.