तुम्ही विचारलंत म्हणून: पिल्लू रस्त्यावर ओढतं, काय करू?

"चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आहे. घरात शहाण्यासारखं वागतं, पण गेटबाहेर पडलं की हात खांद्यातून निखळेल इतकं ओढतं. आवरायचं कसं?" हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येतो.

पिल्लू ओढतं, कारण ओढलं की हवं ते मिळतं. पुढच्या खांबाला वास असतो, ते ताणतं, तुम्ही मागोमाग जाता आणि खांब मिळतो. धडा तिथेच पक्का झाला. हिसका देऊन मागे खेचलंत तर काम आणखी बिघडतं. अंगावर मागून ताण आला की कुत्रं तोल सावरायला आपोआप पुढे जोर लावतं.

आधी सामान बघा. दुकानात हमखास साखळी पुढे करतात, ती नको. पिल्लाच्या मानेला ती जड होते. गळा आवळणारा पट्टा तर मुळीच नको, श्वासनलिकेला इजा होते. बटण दाबून लांब-आखूड होणारी दोरीसुद्धा नको, कारण तिच्यात सतत थोडा ताण असतो आणि ओढलं की आणखी दोरी मिळते. पाच-सहा फुटांची साधी चपटी लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, आणि छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा पट्टा, घ्या. त्याला पाठीवर एक आणि छातीवर एक अशा दोन कड्या हव्यात. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. पिल्लू भराभर वाढतं, म्हणून हे माप दर आठवड्याला तपासा.

शिकवणी रस्त्यावर सुरू करू नका, घरात करा. लसीकरणाचा शेवटचा डोस साधारण सोळाव्या आठवड्याच्या सुमारास होतो आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. त्यामुळे डॉक्टर हो म्हणेपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली सोडायचं नाही. मात्र जगाची ओळख होण्याचं वय तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्याचं असतं, ते चार भिंतींत घालवू नका. कडेवर घेऊन गेटपाशी उभे राहा. रिक्षा, शाळेची मुलं, भाजीची गाडी, सगळं लांबून दाखवा आणि सोबत खाऊ द्या.

खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढा तुकडा. दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, आणि तेवढं जेवण कमी करा. पिल्लू तुमच्या पायाशेजारी आलं की लगेच "शाब्बास" म्हणा आणि तुकडा पॅन्टच्या शिवणीला लावून, त्याच्या तोंडाच्या उंचीवर द्या. हात पुढे करून दिलात तर ते तुमच्या पायांत आडवं येणार. आधी एका पावलाला एक तुकडा, मग दोन पावलांना, मग तीन, कधी पाच, कधी पुन्हा एक. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीनदा पुरे. हॉलमध्ये जमलं की जिन्यासमोरची मोकळी जागा, मग आवार आणि शेवटी पहाटेची रिकामी गल्ली.

रस्त्यावर नियम एकच. लीश ताठ झाली की तुम्ही थांबायचं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. पिल्लू वळून बघेल किंवा एक पाऊल मागे येईल. लीशला झोळ पडला त्याच क्षणी शाबासकी द्या आणि पुढे चला. पहिले काही दिवस दहा मिनिटांत वीस मीटर अंतर होईल, तेवढंच होऊ द्या. नीट चाललं की "जा, हुंग" म्हणून तोच खांब बक्षीस द्या. वास घेणं हीच त्याची खरी मजा आहे, ती तोडू नका.

फसतं ते बहुतेक वेळा घरच्यांमुळे. सकाळी आई थांबते आणि संध्याकाळी दादा घाईत मागे धावतो. कधीतरी ओढून काम होतं हे कळलेलं पिल्लू नेहमी ओढणाऱ्या पिल्लापेक्षाही चिकट होतं. ज्या दिवशी वेळ नसेल त्या दिवशी लीश पाठीच्या कडीला लावा, शिकवायच्या वेळी छातीच्या. नियम कधी लागू आणि कधी नाही, ते त्याला कडीवरून कळू लागतं.

काही पिल्लं ओढत नाहीत, बसूनच राहतात. हा हट्ट नसतो, भीती असते. फरफटवू नका. उचलून घरापासून वीस-तीस पावलांवर न्या आणि खाली ठेवा. घराकडे येताना बहुतेक पिल्लं आपणहून चालतात.

गल्लीतली कुत्री दिसली तर लांबूनच बाजू बदला आणि वळसा घालून जा, पण लीश ढिली ठेवा. ताणलेल्या लीशमुळे पिल्लाला अंग तिरकं करून नम्रपणा दाखवता येत नाही, समोरच्याला ते चाल करून आल्यासारखं दिसतं. पळू नका.

एप्रिल-मेमध्ये हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो.

सहा-सात महिन्यांचं झालं की अनेक पिल्लं सगळं विसरल्यासारखी वागतात, आणि तेव्हा लोक हार्नेस काढून साखळी आणतात. ती आणू नका. दोन आठवडे पुन्हा जिन्यापाशी, एका पावलाला एक तुकडा.