सीता उर्फ

परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर सूनबाईनं तिची वंशावळ दाखवली. ती कॅनडातल्या क्वेबेकची, घरात फ्रेंच बोलणारी माणसं. मधे लेक दुभाषी. बघते तर चार बहिणी आणि चौघींच्या नावाआधी मारी, भाऊ सगळे जोसेफ. म्हटलं, अगं, एक हाक मारली की सगळं घर धावत येत असणार! तर तसं नव्हे. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलीला मारी आणि मुलाला जोसेफ लावायचं, मग बहुतेकदा धर्ममातेचं किंवा धर्मपित्याचं नाव, हाकेचं शेवटी.

मला गंमत वाटली ती 'दी'ची. दोन आडनावांच्या मधे हा एवढासा शब्द, बाईच्या नावात 'दीत'. म्हणजे आपलं उर्फ की! १६६५ साली कारिन्यां-सालिएर पलटण फ्रान्सहून आली, त्यातले काहीशे शिपाई तिथंच राहिले. फौजेत टोपणनावं असायची. लाफ्लर म्हणजे फूल, सांसुसी म्हणजे बिनघोर. ती आडनावाला चिकटली. मग एका भावाची पोरं जुनं नाव लावतात, दुसऱ्याची टोपण, आणि शोधणारा बसतो डोकं खाजवत. (बिनघोर आडनावाला आपण हसू नये. आपल्यात पोटफोडे आहेत.) अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत गेलेल्यांतले काही ब्वाव्हेर तर चक्क ग्रीनवुड झाले, शब्दाला शब्द. आमच्या बेळगावकडच्या माहेरच्या जमिनीचे उतारे १९५६ नंतर कानडीत गेले, पण भाषांतर तरी कुणी केलं नाही. एकावर आडनाव, दुसऱ्यावर नुसतं वडिलांचं नाव, एवढंच.

पण एका नोंदीपाशी मी गप्प झाले. सूनबाईच्या पणजीच्या पणजीची दफनाची नोंद, आणि तिच्यात तिचं माहेरचं आडनाव. लग्नाच्या नोंदीत नवरानवरीच्या आयांचीसुद्धा माहेरची नावं. लग्नामागून लग्न धरत ही मंडळी सतराव्या शतकापर्यंत मागं जातात. चर्चच्या वहीची दुसरी प्रत न्यायालयात ठेवलेली, त्यामुळं एक जळाली तरी दुसरी असते. १९८१ पासून तर तिथल्या कायद्यानंच लग्नानंतरही बाईचं जन्माचं नाव राहतं. लेकाच्या लग्नात मी हौसेनं तांदळाची परात आणली होती. पोरीनं हसून अंगठी माझ्याच बोटात सरकवली.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. सुगी झाली की वंशावळी सांगणारा हेळवी यायचा, बैल दारात बांधून वही उघडायचा. आमच्या सात पिढ्या त्याला तोंडपाठ. कोण कुठल्या गावाहून उठून आला तेही सांगायचा. एकदा मी विचारलं, माझ्या आजीचं माहेरचं नाव बघा की. त्यानं दोन पानं उलटली.

"बायकांचं लिवत नाही ओ, अक्का."

आजी आमच्या घरात सीता. ते नाव परातीतलं. त्याआधी कोण होती? माहेर निपाणीकडचं, एवढंच ऐकलेलं. काल आत्याला फोन केला. नव्वदीची आहे, मोठ्यानं बोलावं लागतं.

"नाव काय की बाई. मामा यायचा तेव्हा तायक्का म्हणायचा तिला."

"ती हाक झाली गं आत्या. नाव?"

"मग तेच की नाव."

रात्री सूनबाईला सांगितलं. ती आता आमच्या बाजूचाही कागद करते आहे. सकाळी लेकानं फोटो पाठवला. आजीच्या चौकोनात तिनं लिहिलंय: सीता दीत तायक्का.