नॉर्मल अहवाल आणि अडलेली रजा

पावसात रेल्वे पुलाच्या पायऱ्यांवरून घसरून माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला मार लागला, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही आणि त्याच संध्याकाळी मला घरी सोडण्यात आले. तिथपर्यंत कुठेही काही अडले नाही. अडले ते पुढे, आमच्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजांचे कागद पाहणाऱ्या शाखेत.

सीटी स्कॅनमध्ये कवटीचा अस्थिभंग किंवा रक्तस्राव दिसतो. मेंदूला बसलेला हादरा, म्हणजे कन्कशन, सहसा दिसत नाही. त्यामुळे अहवाल निर्दोष असूनही मला ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नव्हता, दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की डोके ठणकत असे आणि वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागे. डॉक्टरांनी सांगितले होते की पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, मोबाइल आणि टीव्ही शक्यतो टाळावा, त्यानंतर मात्र अंथरुणाला खिळून न राहता त्रास फार वाढणार नाही इतपत हालचाल आणि काम हळूहळू वाढवत न्यावे. बहुतेक प्रौढ माणसे काही आठवड्यांत बरी होतात, असेही त्यांनी सांगितले.

नेमके हे 'हळूहळू' आमच्या कार्यालयाला झेपले नाही. डॉक्टरांनी योग्यतेच्या प्रमाणपत्रात 'सुरुवातीला कमी तास काम करण्यास योग्य' असे लिहून दिले होते. आस्थापना शाखेतील लिपिकांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि परत केले. त्यांच्या म्हणण्यानुसार कर्मचारी एक तर आजारी असतो किंवा रुजू होण्यास योग्य असतो, मधली अवस्था त्यांच्या नमुन्यात नव्हती. त्यावर त्यांनी विचारले, "मॅडम, रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग इतकी रजा कशाला?" हात प्लास्टरमध्ये असता तर हा प्रश्न कोणी विचारला नसता, ही चीड अजूनही माझ्या मनातून गेलेली नाही. प्रमाणपत्र बदलून आणावे तर डॉक्टर पूर्ण योग्य असे लिहायला तयार नाहीत, आणि ते आणले नाही तर परिवर्तित रजेचा, म्हणजे आजारपणासाठी अर्धपगारी रजेच्या बदल्यात मिळणाऱ्या पूर्ण पगारी रजेचा, प्रस्ताव पुढे सरकत नाही, अशा कात्रीत मी सापडले. त्यातच, कागद घेऊन स्वतः यावे, असा निरोप आला. म्हणजे जिला गर्दी आणि गोंगाट टाळायला सांगितले होते तिने लोकलच्या गर्दीतून प्रवास करायचा. मी गेले नाही, यजमानांना अर्ज देऊन पाठवले आणि अर्जाच्या दुय्यम प्रतीवर आवक शिक्का घ्यायला लावला. तो शिक्का पुढे फार उपयोगी पडला, कारण मूळ अर्ज सापडत नसल्याचे आम्हाला नंतर सांगण्यात आले.

शेवटी मार्ग निघाला तो दोन स्वतंत्र कागदांमुळे. पुढच्या तपासणीत सुधारणा दिसल्यावर डॉक्टरांनी रुजू होण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र कार्यालयाच्या नमुन्यातच दिले आणि कमी तास, अधूनमधून विश्रांती, संगणकासमोर सलग न बसणे या सूचना वेगळ्या पत्रावर लिहिल्या. ते पत्र मी आस्थापना शाखेकडे न देता थेट माझ्या वरिष्ठांना दिले आणि त्यांनी अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजांचा मार्ग काढून दिला. माझ्या जागी कोणी असेल तर त्याने हे दोन कागद वेगवेगळे हवेत, असे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे.

पहिल्या रात्रीचे सांगायचे राहिले. सासूबाईंचा आग्रह होता की मला झोपूच द्यायचे नाही. डॉक्टरांनी मात्र झोप हवीच असे सांगितले होते, फक्त घरात जागरूक माणूस असावा आणि रुग्ण नीट जागा होतो ना, हे पाहावे. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, फिट येणे, हातापायांत अशक्तपणा, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव किंवा उठवूनही न उठणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुखण्यासाठी मला फक्त पॅरासिटामॉल दिले होते. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. दारू वर्ज्य, आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत दुचाकीही नाही. घरातील वृद्धांना, विशेषतः रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना, असा मार लागला तर किरकोळ वाटला तरी लगेच दाखवावे आणि पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावे, कारण त्यांच्यात मेंदूभोवती रक्त हळूहळू साचून लक्षणे फार उशिरा दिसू शकतात.