चार मिलिवॅटवर ब्लूज

आपला गिटारचा ॲम्प आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवता ठेवताच तो गिटारवाला म्हणाला, "दादा, हा काढून टाकायचाय. मला पाच वॅटचा बघून द्या."

पंधरा वॅटचा काँबो होता, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. स्पीकर हलवणाऱ्या पॉवर भागाला दोन ईएल८४ ट्यूब, त्याआधी सिग्नल वाढवणाऱ्या प्रीॲम्पला तीन १२एएक्स७ ट्यूब, बारा इंची स्पीकर, वरच्या पट्टीवर गेन (प्रीॲम्प किती ताणायचा), मास्टर (एकूण आवाज), बेस, मिड, ट्रेबल आणि रिव्हर्ब. ब्लूज वाजवायचा तर ट्यूबचाच ॲम्प, म्हणून त्याने हौसेने घेतलेला. घेताना दुकानात वाजवून पाहिला तेव्हा तार हलकी छेडली की आवाज स्वच्छ, जोरात ओढली की किंचित फाटलेला. घरी आणल्यावर मात्र सगळं हरवलं. गेन कमी ठेवला तर पातळ, वाढवला तर चिरका, माशी घोंगावल्यासारखा. कुणीतरी सांगितलं की घराला पंधरा वॅट जास्त होतात, पाच पुरे. मग तेच डोक्यात बसलं.

तक्रार आवाजाची असली की आधी बिघाड नाही ना हे पाहून घ्यायचं. स्पीकरच्या जागी आठ ओहमचा डमी लोड, म्हणजे मोठा रेझिस्टर, लावला, इनपुटला १ किलोहर्ट्झची साइन लाट दिली आणि ती पाहायला स्कोप जोडला. लाटेचे माथे चपटे व्हायला लागले तेव्हा मीटर १०.९ व्होल्ट दाखवत होता. त्याचा वर्ग करून आठने भागला की १५ वॅटला थोडे कमी. प्लेटवर ३२० व्होल्ट, एका ट्यूबमधून २४ आणि दुसरीतून २५ मिलिअँपिअर, म्हणजे प्रत्येकी पावणेआठ-आठ वॅट. ईएल८४ ची मर्यादा १२ वॅटची, त्यामुळे बायस (सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणाऱ्या करंटची पातळी) साधारण ६५ टक्क्यांवर आणि दोन्ही ट्यूब जोडीच्या. घरघर नाही, म्हणजे फिल्टर कपॅसिटर ठीक. (झाकण उघडायचं असेल तर या कपॅसिटरांची धास्ती ठेवा. प्लग काढल्यावरही त्यांत तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. रेझिस्टरमधून ते उतरवल्याशिवाय आणि मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये.) पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ट्यूबा एकेक करून ठोकल्या तेव्हा इनपुटजवळची पहिली १२एएक्स७ स्पीकरमधून टिंग करून वाजली. मायक्रोफोनिक झालेली होती, म्हणजे धक्का बसला की माइकसारखी तो पकडायची, पण त्याची तक्रार काही तेवढ्याने निर्माण झाली नसती. ॲम्प चांगला होता.

मग त्याला म्हटलं, "घरी जेवढ्या आवाजावर वाजवतोस, तेवढाच इथे लाव. अंदाजाने नको, नीट आठवून लाव." त्याने नॉब फिरवला, दोन-चार स्वर वाजवले, अजून थोडा कमी केला. त्याच्या आवाजावरून आम्हाला सहज बोलता येत होतं. स्पीकरपासून एक मीटरवर आवाज मोजायचं यंत्र धरलं, ७६ डेसिबल.

आता हिशेब. या स्पीकरची संवेदनशीलता १०० डेसिबल, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर १०० डेसिबल ऐकू येणार. ७६ म्हणजे त्याहून २४ डेसिबल खाली. दर १० डेसिबलला वॅट दहापट घटतात, त्या मापाने २४ डेसिबल खाली म्हणजे वॅटचा अडीचशेवा भाग. चार मिलिवॅट. तार छेडतानाची पहिली थाप सरासरीच्या दहा-बारा डेसिबल वर जाते हे धरलं तरी पन्नास-साठ मिलिवॅटच्या पुढे गाडी जात नाही. पंधरा वॅटच्या पॉवर ट्यूबा या आवाजाला जाग्याच होत नव्हत्या. जे काही फाटत होतं ते सगळं प्रीॲम्पमध्ये, आणि प्रीॲम्पचा एकट्याचा फाटका आवाज आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांच्या ताणातून न जाता बाहेर आला की असाच चिरका लागतो.

आणि पाच वॅटचा ॲम्प हे दुखणं घालवणार नव्हता. पंधरा आणि पाच यांत अंतर फक्त ४.८ डेसिबलचं. कानाला आवाज निम्मा वाटायला १० लागतात.

शब्दांनी हे कुणाला पटत नाही, म्हणून आमच्याकडचा पाच वॅटचा हेड, म्हणजे स्पीकर नसलेला ॲम्प, काढला. फेंडर कंपनीच्या चॅम्प या छोट्या ॲम्पच्या ५एफ१ सर्किटवर बांधलेला आहे: प्रीॲम्पला एक १२एएक्स७, पॉवरला एक ६व्ही६, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरला ५वाय३ ट्यूब, नॉब फक्त व्हॉल्यूमचा. ६व्ही६ च्या कॅथोडला ४७० ओहमचा रेझिस्टर, त्यावर १९ व्होल्ट, म्हणजे ४० मिलिअँपिअर. बायस लावायची भानगड नाही, ट्यूब बदलली की तीच आपली पातळी धरते. आधी आठ इंची स्पीकरवर लावला. व्हॉल्यूम वाढवत नेला तसा आवाज भरत गेला, सातच्या आसपास तो ज्याच्या शोधात होता तो स्वर आला. बोट हलकं ठेवलं की स्वच्छ, जोर दिला की फाटतोय, गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणला की पुन्हा निवळतोय. त्याचा चेहरा उजळला. मीटर दाखवला, ९९ डेसिबल. घरच्या ७६ पासून २३ डेसिबल वर. तिथून खाली ७६ ला आणला तेव्हा आवाज स्वच्छ होता, पण बारका. आठ इंची स्पीकरला खालच्या ई तारेचे ८२ हर्ट्झ नीट पेलवतच नाहीत.

पुढे तोच हेड बारा इंची कॅबिनेटवर लावायचा होता. मी आउटपुटचा सॉकेट चार ओहमवरून आठवर कसा न्यायचा ते सांगत होतो, तेवढ्यात त्याने उत्साहात आठ इंचीचा जॅक ओढून काढला. ॲम्प चालू, गिटार जोडलेली, व्हॉल्यूम सातवर. एका हाताने त्याच्या तारा दाबल्या आणि दुसऱ्या हाताने स्विच बंद केला. सुदैवाने काही झालं नाही. ट्यूब ॲम्पला स्पीकर नसला की ट्रान्सफॉर्मरमधली ऊर्जा जायला जागा राहत नाही. सिग्नल चालू असेल तर प्लेटच्या बाजूला व्होल्टेज हजारांत चढतं आणि वेटोळ्यांमधलं इन्सुलेशन नाहीतर ट्यूबच्या सॉकेटवर दोन पिनांमधली जागा फोडून निघतं. ६व्ही६ च्या तीन नंबर पिनेजवळ काळी रेघ पडलेले सॉकेट आम्ही बरेच बदलले आहेत. ती रेघ जळलेल्या कार्बनची असते आणि पुढे तिच्यातूनच वीज वाहत राहते. रात्री आवाज नको म्हणून स्पीकर काढून वाजवणं हा ट्यूब ॲम्प मारायचा हमखास मार्ग आहे. आधी स्पीकर जोडायचा, मग स्विच. काढताना आधी स्विच, मग स्पीकर. हे त्याच्याकडून दोनदा करून घेतलं.

बारा इंचीवर तोच हेड, तोच सात नंबर, आणि मीटरवर १०५. सहा डेसिबल वाढले, कारण आठ इंचीची संवेदनशीलता ९३ आणि या बारा इंचीची ९९. सहा डेसिबल म्हणजे चौपट वॅट. नुसता स्पीकर बदलल्याने पाच वॅटचा ॲम्प आठ इंचीवरच्या वीस वॅटइतका मोठा झाला. मला वाटतं, दिवसभरात त्याला सगळ्यात जास्त हे लागलं. ॲम्प निवडताना लोक वॅटवर तासभर बोलतात आणि स्पीकरच्या मागे छापलेला आकडा कुणी वाचत नाही. घरासाठी घ्यायचा असेल तर ९४-९५ चा स्पीकर १०० च्या स्पीकरपेक्षा जास्त आवाज खाली आणतो, तोही स्वरातला काही भाग न कापता.

मग ॲटेन्युएटर. ॲम्प आणि स्पीकर यांच्या मधे बसून तो जास्तीची शक्ती उष्णतेत घालवतो. साधा असेल तर आत नुसते रेझिस्टर असतात. खरा स्पीकर मात्र सगळीकडे आठ ओहमचा नसतो, त्याच्या नैसर्गिक कंपनाजवळ, साधारण ७५ ते १०० हर्ट्झला, तो कित्येक पट चढतो आणि वरच्या स्वरांनाही हळूहळू चढत जातो. ट्यूब ॲम्प त्या चढउताराला उत्तर देतो, त्यातूनच खालची थाप आणि वरची धार येते. सपाट रेझिस्टरसमोर ते उत्तर बंद होतं. सहा-नऊ डेसिबलपर्यंत फरक खपतो, वीसच्या पुढे गोधडी टाकल्यासारखं होतं. कॉइल आणि कपॅसिटर घातलेला रिॲक्टिव्ह ॲटेन्युएटर तो चढउतार बऱ्यापैकी उभा करतो, म्हणून एवढं खाली यायचं असेल तर तोच घ्यावा. ओहम ॲम्पच्या सॉकेटशी जुळले पाहिजेत. आणि क्षमता ॲम्पच्या वॅटइतकी घेऊन भागत नाही. पंधरा वॅटचा ॲम्प पूर्ण फाटला की लाट चौकोनी होते आणि शक्ती दुपटीजवळ जाते, तेव्हा पन्नास वॅटचा धरा. मधल्या जोडणीला स्पीकरचीच केबल लागते. गिटारची केबल दिसायला तशीच, पण आतला धागा एवढ्या करंटसाठी केलेला नसतो.

त्याच्या ॲम्पच्या पहिल्या जागी, मायक्रोफोनिक ट्यूब तशीही काढायचीच होती म्हणून, १२एएक्स७ ऐवजी ५७५१ घातली. पिना त्याच, हीटरचं व्होल्टेजही तेच, पण ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, १०० ऐवजी ७०. आणखी मवाळ हवी असेल तर १२एवाय७ आहे, ४५ च्या आसपासची. फेंडरच्या जुन्या ट्वीड (जाड कापड चढवलेल्या) ॲम्पांत पहिल्या जागी अनेकदा हीच असायची. ५७५१ मुळे गेनचा नॉब दोनच्या पुढे लगेच चिरका व्हायचा तो पाचपर्यंत वापरता यायला लागला. त्याच्या हाताखाली आता फिरवायला जागा होती.

त्याला भिंतीकडे तोंड करून बसवला. तीन जोडण्या, तिन्ही मीटरने ७६ वर आणलेल्या: पाच वॅट उघड्यावर, म्हणजे ॲटेन्युएटरशिवाय, आठ इंचीला, पाच वॅट ॲटेन्युएटरमधून बारा इंचीला, आणि त्याचाच पंधरा वॅटचा, गेन चार, मास्टर निम्म्यावर, ॲटेन्युएटर २४ डेसिबलवर. अदलाबदल मी करायचो, स्विच बंद करून. ब्लूजचा संथ शफल ठेका, तेच बारा बारांचं आवर्तन, प्रत्येकावर दोनदा. उघडा पाच वॅट त्याने दोन्ही वेळा शेवटी टाकला. उरलेल्या दोघांत पहिल्यांदा एक, दुसऱ्यांदा दुसरा वर काढला. स्वतःचा ॲम्प त्याला ओळखता आला नाही.

दुकानातला तो आवाज पूर्ण परत आला का? नाही, आणि हे त्याला स्पष्ट सांगितलं. शंभर डेसिबलच्या वर स्पीकरचा कागदी पडदा स्वतः थोडा फाटका आवाज देतो, आणि आवाजाच्या धक्क्याने तारा पुन्हा हलतात म्हणून स्वर लांबतो. ७६ डेसिबलला यातलं काहीच घडत नाही. शिवाय कान हळू आवाजात खालचे स्वर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. त्यामुळे मोठ्या आवाजात लावलेले नॉब घरी तसेच ठेवायचे नाहीत. बेस चारवरून सहावर नेला. ट्रेबल त्याने सातवर ठेवलं होतं, कारण घरी ॲम्प जमिनीवर आणि बारा इंची स्पीकरचे वरचे स्वर सरळ रेषेत त्याच्या पोटऱ्यांकडे जात होते. दुकानात तोच ॲम्प छातीच्या उंचीवर होता. स्टुलावर ठेवून थोडा मागे कलता केला तेव्हा त्याने आपणहून ट्रेबल चारवर आणलं. जमीन सुटली की बेस जरा पातळ होतो, ते वाढवलेल्या नॉबने भरून निघतं.

नवा घेणाऱ्यालाही मी हेच विचारतो: वाजवायच्या जागी किती डेसिबल चालतात ते आधी मोजलंस का? ऐंशीच्या आत असेल तर मास्टर व्हॉल्यूम किंवा आत शक्ती कमी करायची सोय असलेला, बारा नाहीतर दहा इंची स्पीकरचा ॲम्प घ्यावा. नुसत्या व्हॉल्यूमचा सिंगल एंडेड (एकाच पॉवर ट्यूबचा) पाच वॅट माझा फार आवडता आहे, पण तो ९९ डेसिबल चालणाऱ्या खोलीचा ॲम्प आहे. बावीस वॅटचा, दोन ६व्ही६ चा स्वच्छ ॲम्प घेऊन पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल लावणं हा रस्ता लोक कमी लेखतात. हळू आवाजात तो बऱ्याचदा सगळ्यात गोड लागतो, कारण स्वच्छ आवाजाला चार मिलिवॅट पुरतात.

त्याने ॲम्प ठेवला. ५७५१ आतच राहिली. पॉवर ट्यूबांचा बायस पुन्हा तपासला, आणि मागच्या बाजूला 'आठ ओहम, स्पीकर आधी' अशी चिठ्ठी चिकटवली. ॲटेन्युएटर लावून मास्टर रोज निम्म्याच्या वर ठेवायचा तर ईएल८४ मोठ्या आवाजात वाजवल्याइतक्याच झिजणार, कानाला कळलं नाही तरी. म्हणून आवाज दबल्यासारखा वाटला किंवा अंधारात प्लेटवर लाल डाग दिसला की लगेच बंद करून आणायला सांगितलं.