आजींच्या कागदावरची शून्यं

मी मूळचा भूलतज्ज्ञ, आता नाशिकमध्ये पेन क्लिनिक चालवतो. भूल देणारा माणूस दुखण्यावर उपचार करतो, हे माझ्या सासऱ्यांनाही अजून पटलेलं नाही.

निफाडकडच्या एक आजी आल्या, वय ७५ च्या आसपास. नातवाच्या हातात पिशवीभर रिपोर्ट, त्यात कमरेचे दोन एमआरआय. खुब्याचा साधा एक्सरे एकही नाही! आपल्याकडे लोक खुब्यालाही कंबरच म्हणतात, आणि कंबर म्हटलं की डॉक्टर मणक्याच्या मागे लागतात. वास्तविक खुब्याच्या सांध्याची कळ बहुतेकदा जांघेत येते, कधी मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. मी विचारलं, "आजी, पायाची नखं कोण कापतं?" "सून." पाय दुमडून आत वळवला तसं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. एक्सरेत सांध्याची फट उरलीच नव्हती.

खरं तर सांधाच बदलायला हवा होता. पण हार्टचं पंपिंग २५ टक्के, त्यामुळे एवढ्या मोठ्या ऑपरेशनला कोणी तयार नव्हतं. सांध्यात स्टेरॉइड दिलं की शुगर काही दिवस उसळते, आणि यांची तर आधीच काबूत नव्हती. उरला रेडिओफ्रिक्वेन्सीचा मार्ग. सांध्याचं दुखणं वर पोचवणाऱ्या नसांच्या बारीक शाखा उष्णतेने बंद करायच्या. सांधा झिजलेला तो झिजलेलाच राहतो, आणि शाखाही काही महिन्यांनी पुन्हा वाढतात. त्याआधी चाचणी म्हणून त्याच शाखा औषधाने तात्पुरत्या बधिर करून बघायच्या.

हे काम मला मनापासून आवडतं. अंगावर शिशाचा एप्रन, डोक्यावर सी-आर्म, म्हणजे चालू एक्सरे दाखवणारं मशीन. मांडीची मोठी धमनी शेजारीच धडधडत असते, म्हणून आधी सोनोग्राफीवर ती शोधायची, मग तिच्या बाहेरच्या अंगाने सुई हाडाला टेकवायची. ही झाली फिमोरल नसेच्या शाखांची जागा. ऑब्ट्युरेटर ही दुसरी नस, तिच्या शाखांसाठी खुब्याच्या वाटीखाली एक्सरेत थेंबासारखी सावली दिसते, तिच्याजवळ जायचं. दोन्हीकडे जेमतेम १ मिली बुपिव्हकेन, हे बधिर करणारं औषध. जास्त दिलं तर औषध भलतीकडे पसरतं आणि चाचणी खोटं बोलते.

नातवाला कागद दिला: दर तासाला ० ते १० मध्ये दुखणं लिहायचं. आजींना सांगितलं, एरवी दुखतात ती कामं मुद्दाम करून बघा.

दुसऱ्या दिवशी कागद आला. इंजेक्शनच्या आधी ९. मग ओळीने सहा शून्यं, वेडीवाकडी, आजींनी स्वतः काढलेली. लिहिता येत नाही, पण शून्य येतं. माझ्याकडून निघाल्या त्या घरी न जाता थेट गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर. रामकुंडाच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसल्या, चार वर्षांनी. पंपिंग २५ टक्के असलेल्या बाईने! मी ऐकूनच गार झालो. संध्याकाळपासून नातवाच्या अक्षरात ३, ७, ९.

चाचणी म्हणून पाहिलं तर याहून चांगला निकाल नाही. आजींच्या लेखी मात्र सुई लागू पडली आणि उतरली. "तीच पयली सुई द्या पुन्हा," त्या म्हणाल्या. काही तासांचंच औषध आहे हे मी आधी दोनदा सांगितलं होतं, नातवाची सहीही आहे. सहीचा काय उपयोग? त्यात शेजारणीने सांगितलेलं, नस जाळली की पाय वाळतो. ताकदीची नस वेगळी, हे समजवण्यात दोन भेटी गेल्या.

मग रेडिओफ्रिक्वेन्सी केली. आधी २ हर्ट्झचा करंट देऊन पाय उडत नाही ना ते पाहिलं, मग ८० अंशांवर ९० सेकंद, प्रत्येक जागी.

सहा आठवड्यांनी आकडा आला ४. निम्म्याने कमी झालं की आम्ही यश म्हणतो, तसं लिहायला मी पेन काढलंसुद्धा होतं. रात्री झोप लागते, गोळ्या सुटल्या, बाथरूमला एकट्या जातात. आजी म्हणाल्या, "चार हाये बाबा. पन त्या दिशी कायच नव्हतं."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी ९ पासून मोजतोय, आजी शून्यापासून. ते शून्य त्यांना दाखवलं मीच. आता चाचणीच्या आधी मी प्रत्येकाला सांगतो की पुढचं इतकं छान नसेल. पण मग काही जण चाचणीलाच नको म्हणून उठतात, आणि मी योग्य केलं की नाही ते कळत नाही.

आजींची पुढची तारीख श्रावणात आहे. पुन्हा गंगेवर गेला होतात का, हे विचारायचंय. आणि विचारू नये असंही वाटतंय.