'मि आमोर' मनावर घ्यायचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी स्पॅनिश शिकवते हे कळलं की कुणीतरी हळूच विचारतंच, "आमच्या टीममधली एक बाई मला 'मि आमोर' लिहिते. इंग्रजी भाषांतरात 'माय लव्ह' येतं. काय समजायचं?"

ती कुठली आहे, आणि इतरांना काय म्हणते, हे आधी बघा. क्युबात किंवा कोलंबियाच्या किनारपट्टीवर दुकानातली बाई पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकालाही 'मि आमोर' म्हणते. स्पेनमधल्या सेवियात 'मि आर्मा', म्हणजे 'माझ्या जिवा', हे तर जाता-येता कानावर पडतं. कॅरिबियन बेटांवर आई आपल्या छोट्या मुलालाच 'पापी', म्हणजे 'बाबा', म्हणते. ती सगळ्यांनाच तसं लिहीत असेल, तर नेहमीसारखं कामाचं उत्तर द्या. ती आपुलकी खरीच असते, फक्त तिच्यावर तुमचं एकट्याचं नाव नसतं.

'ते किएरो'चं इंग्रजी मात्र फार घोळ घालतं, कधी 'आय वॉन्ट यू' येतं, कधी 'आय लव्ह यू'. त्यातलं क्रियापद हवं असण्यालाही चालतं आणि जीव लावण्यालाही. आई मुलाला म्हणते, मैत्रिणी एकमेकींना म्हणतात, नवरा-बायकोही म्हणतात. 'ते आमो', म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', त्याहून जड. स्पेनमध्ये तर रोजच्या बोलण्यात ते कमीच.

प्रश्नांचंही तसंच. कोलंबियन माणूस भेटल्या भेटल्या 'के मास?' विचारतो. शब्दशः 'आणखी काय?' त्याला काही नको असतं, तो 'काय म्हणताय?' एवढंच विचारत असतो. 'ब्येन', म्हणजे 'छान', म्हणा, उलट त्याची विचारपूस करा, झालं.

माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट इंग्रजीत मुळी दिसतच नाही. स्पॅनिशमध्ये 'तू' आहे आणि 'तुम्ही'सारखं 'उस्तेद' आहे. इंग्रजीत दोघांचंही 'यू' होतं. पुस्तकं सांगतात, 'उस्तेद' परक्यांना आणि वडीलधाऱ्यांना. पण कोलंबियाची राजधानी बोगोटा आणि भोवतालच्या डोंगराळ भागात कितीतरी नवरा-बायको, भावंडं, आई-मुलं एकमेकांना 'उस्तेद'च म्हणतात, अगदी लाडातसुद्धा. मराठी माणसाला हे समजावताना मला फार बोलावं लागत नाही. 'अहो'मध्ये दुरावा नसतो, हे त्यानं घरातच ऐकलेलं असतं. मात्र एरवी 'तू' म्हणणाऱ्या घरात आई अचानक 'उस्तेद'वर आली, तर पोरानं काहीतरी करून ठेवलेलं आहे.